हुकुमावरून मोर

स्वच्छ सर्वेक्षणाचे दिवस आले की शहराला रंग चढतो. आमच्या भाजीमंडईच्या कोपऱ्याला यंदा चढलेला रंग मोराचा आहे. तिथे पूर्वी कचरापेटी होती. शहर कचराकुंडीमुक्त करायचे ठरले आणि पेटी गेली. कचऱ्याला कोणी कळवले नसावे, तो तिथेच येत राहिला. मग कुणा कल्पक साहेबाने त्या जागेवर रांगोळी घालून घेतली. चांगला चार हात लांब मोर, पिसाऱ्यात पाच रंग, आणि वर भिंतीवर पाटी : 'येथे कचरा टाकू नये. हुकूमावरून.'

हुकूमावरून! सामान्यरूप होताना हा 'कू' ऱ्हस्व होतो, हे आम्ही याच जागी कितीदा लिहिले, त्याची गणती उरलेली नाही. ज्या हुकुमाला स्वतःचा उकार सांभाळता येत नाही, त्याला फ्लॉवरच्या पाल्याने का भीक घालावी?

रांगोळीवर पाय द्यायला मराठी माणूस कचरतो, एवढाच काय तो या योजनेमागचा विचार. पण मंडईत पाय कोण देतो? लांबून भिरकावतात. नऊ वाजता मोराच्या मानेवर मटारची टरफले होती, दहाला चोच दिसेनाशी झाली. झाडायला आलेल्या बाई म्हणाल्या, "आधी नुसता पाला उचलत होतो, आता रंगबी भरायचा."

वास्तविक मंडईचा कचरा हा सर्वांत गुणी कचरा. देठ, पाला, सडकी फळे. वेगळे करायला काही नाहीच. भाजी, फळे, फुले, मांस, मासळी यांच्या बाजारांतला कचरा रोजच्या रोज उचलावा आणि बाजारात किंवा जवळपास खताचे वा बायोगॅसचे प्रकल्प उभारायला चालना द्यावी, असे 2016 च्या घनकचरा नियमांतच लिहिले होते. रांगोळीचा उल्लेख त्यांत आढळला नाही. अर्थात खतखड्ड्याचा फोटो मोराइतका चांगला येत नाही. शोभेचा हा सोस जुनाच. पुण्याच्या मंडईची इमारत उठवण्यापेक्षा तो पैसा शिक्षणाला द्या, असे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले सांगत होते. मंडई झाली, आणि पुढे तिला नाव त्यांचेच दिले गेले.

गिऱ्हाइकांचेही कौतुक करायला हवे. 2018 पासून बंदी असलेली पातळ पिशवी मागताना आवाज आपोआप खाली येतो, पण मागणे सुटत नाही. कणसे जागच्या जागी सोलून घेतली जातात, का, तर घरी कचरा नको. परवा आम्हीही चार कणसे सोलून घेतली. विक्रेत्याने साली न बघताच मागे फेकल्या. त्या नेमक्या पिसाऱ्यावर पडल्या, आणि खरे सांगायचे तर तो हिरवा रंग पालिकेच्या हिरव्यापेक्षा बरा दिसत होता.