ताज्या गाईचा फॅट चढला तर गव्हाण बघा

गाय व्यायली, चीक संपला आणि दूध डेअरीवर जाऊ लागले की पुष्कळ घरांत एक आनंदाचा आकडा येतो. एरवी साडेतीन-पावणेचारच्या वर न जाणाऱ्या संकरित गाईला फॅट पाच, साडेपाच लागतो. दर बरा मिळतो आणि गाय ‘लागली’ असे वाटते. या आकड्याबद्दल आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात असा एकाएकी चढलेला फॅट बहुतेक वेळा पेंडीतून आलेला नसतो. तो गाईच्या पाठीवरून, कमरेवरून उतरून बादलीत आलेला असतो. त्याच वेळी एसएनएफ साडेआठवरून ८.२, ८.१ असा घसरत असेल, तर गाय उपाशी आहे असेच समजा. मग ती दिवसभर चघळताना दिसत असली तरीही.

हे का होते? गाईचे दूध पाचव्या ते आठव्या आठवड्यात शिखरावर पोहोचते. तिची भूक मात्र दहाव्या-बाराव्या आठवड्याशिवाय पुरती खुलत नाही. मधल्या काळात ती खाते त्यापेक्षा जास्त देत असते. साडेचारशे किलो वजनाची, २० लिटर दूध देणारी गाय घ्या. तिला चांगल्या प्रतीचे सुमारे १४ किलो कोरडे खाद्य पोटात जायला हवे. पाणी वजा करून उरते ते वजन. व्यायल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ती जेमतेम ११ किलो खाते. उरलेल्या तीन किलोंची तूट म्हणजे साडेसहा लिटर दुधाची शक्ती. ती अंगावरची चरबी वितळवून भरून निघते आणि गाय रोज जवळपास एक किलो उतरते. थोडी उतरण प्रत्येक चांगल्या गाईत असतेच. पण ती आवाक्याबाहेर गेली की चरबी यकृतात साठते आणि रक्तात कीटोन वाढतात. आपण जिला कितनबाधा म्हणतो ती हीच.

तिची पहिली खूण गव्हाणीत दिसते. गाय पेंड सोडते आणि कडबा खात राहते. शेण घट्ट, चकचकीत पडते. तोंडाला आणि दुधाला गोडसर, उग्र वास येतो. पुष्कळ पशुपालक इथे पेंडीला दोष देतात आणि दुसऱ्या कंपनीचे पोते आणतात. त्यात चार दिवस जातात आणि हेच चार दिवस महत्त्वाचे असतात. पेंड सोडली त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे आणि लघवी किंवा रक्त कीटोनसाठी तपासून घ्यावे. वेळेत कळले तर उपचार साधा आहे. उशीर झाला तर वेताचे दूध तर बुडतेच, शिवाय गाय माजावर लवकर येत नाही, आली तर उलटते आणि दोन वेतांतले अंतर दीड वर्षावर जाते. शिखराला एक लिटर दूध कमी पडले तर ३०५ दिवसांच्या वेतात साधारण २०० लिटर कमी पडते, हा हिशोब प्रत्येक गोठ्यात भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

दूध वाढते आहे म्हणून एकदम चार-पाच किलो पेंड आणि वर शिजवलेली बाजरी, मक्याचा भरडा घालणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने कोठीपोट आंबते, रवंथ थांबतो, शेण पातळ होते आणि थोड्याच दिवसांत खुरे दुखू लागतात. व्यायल्याबरोबर कोमट पाण्यात गूळ देण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, ती जरूर पाळावी. गाय पिईल तितके पाणी तिला पिऊ द्यावे. पण धान्याचा मारा करू नये. पेंड दर दिवसाआड अर्धा किलो या बेताने चढवावी, एका वेळी दोन किलोंच्या वर घालू नये, आणि एकूण कोरड्या खाद्यात तिचा वाटा निम्म्याच्या आसपासच राहावा.

या पायरीने चढायचे, तर सुरुवात व्यायच्या आधी तीन आठवडे व्हायला हवी, आणि आपले खरे चुकते ते तिथेच. भाकड गाय दूध देत नाही, म्हणून तिला गोठ्याच्या कडेला बांधून वाळल्या वैरणीवर काढायचे, ही सवय फार खोल मुरलेली आहे. कोठीपोटाच्या आतल्या अस्तरावरची बोटे पेंडीवर वाढतात आणि त्यांना वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ती आखडलेली असताना व्यायल्या दिवसापासून पेंड ओतली, तर तयार होणारे आम्ल शोषून घ्यायला जागाच नसते. म्हणून व्यायच्या आधी तीन आठवडे एक किलोपासून सुरू करून दोन-अडीच किलोंपर्यंत यावे. मात्र गाय सुटू देऊ नये. भाकड काळात लठ्ठ झालेली गाय व्यायल्यावर सगळ्यांत कमी खाते आणि सगळ्यांत आधी आजारी पडते. पाचपैकी सव्वातीन ते साडेतीन गुणांची अंगलट पुरे.

कॅल्शियमबद्दलही सांगायला हवे, कारण आज जवळजवळ प्रत्येक गोठ्यात कॅल्शियमचा कॅन आहे आणि गाभण गाईला तो नेमाने पाजला जातो. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत तो बंद ठेवावा. याच काळात कॅल्शियम भरपूर मिळत राहिले, तर हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग व्यायल्यावर एका लिटर चिकातून दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाऊ लागते आणि गाय बसते. लसूणघासही या तीन आठवड्यांत हात राखून द्यावा. शक्य असेल तिथे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ऋणभारित क्षार मिश्रण वापरावे. व्यायल्या दिवसापासून मात्र कॅल्शियम आणि नेहमीचे खनिज मिश्रण चुकवू नये. तिसऱ्या वेतापासून पुढे हा धोका वाढत जातो. मान वळवून बसलेल्या, कान गार पडलेल्या गाईला घरच्या घरी शिरेतून बाटली लावण्याचा प्रकार कुणीही करू नये. कॅल्शियम भरभर गेले तर हृदय थांबते.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. गळीत हंगाम सुरू झाला की फडातले वाढे स्वस्तात, कधी फुकटही मिळतात आणि ताज्या गाईपुढेही तेच पडतात. वाढ्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने थोडी, पचनीयता कमी, आणि त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकते. भाकड जनावरांना, वाढत्या कालवडींना मिसळून द्यायला वाढे ठीक आहे. पहिल्या दहा आठवड्यांतल्या गाईला घरातली सर्वांत चांगली वैरण मिळाली पाहिजे: दाणा भरलेल्या मक्याचा मुरघास, लसूणघास, थोडी कडब्याची कुट्टी. मुरघास थोडाच असेल, तर तो सगळ्या गोठ्यात सारखा वाटून टाकू नका. तो हिच्यासाठी राखा.

सकाळी गव्हाण झाडताना काय उरले ते पाहणे हे या काळातले सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे. गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ असेल, तर गाईला रात्री कमी पडले. लांब दांडे तेवढे उरले असतील, तर तिने निवडून खाल्ले, म्हणजे कुट्टी जाड आहे. पेंड उरली असेल, तर वर सांगितलेला धोका समोर उभा आहे. बहुतेक घरांत ही गव्हाण झाडणारी बाई असते आणि आमच्या मेळाव्यांतल्या खुर्च्यांवर पुरुष बसतात. गाय कधीपासून कमी खाते हे जिला ठाऊक आहे, तिच्यापर्यंत शास्त्र पोहोचवण्यात आपण सगळेच कमी पडलो आहोत.

शेवटी दूध संस्थांच्या सचिवांना आणि संघांना एक विनंती. स्लिपवरचा फॅट सगळ्या गाईंच्या एकत्र दुधाचा असतो, त्यात एकटी ताजी गाय लपून जाते. व्यायल्यानंतर आठव्या दिवसापासून पुढचे पाच-सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, त्या एका गाईचा नमुना यंत्रावर वेगळा लावून द्या. त्याला एखादे मिनिट लागते. नमुना पूर्ण धार काढून, दूध नीट हलवून घेतलेला असावा, कारण सडातल्या शेवटच्या धारेत फॅट जास्त असतो. यंत्र प्रथिने दाखवत असेल, तर फॅटला प्रथिनांनी भागा. उत्तर १.४ च्या वर आले, तर त्या घरी निरोप जायला हवा. यासाठी नवी योजना लागत नाही, अनुदान लागत नाही. यंत्रे संकलन केंद्रांत आहेत आणि माणसेही आहेत. येत्या हंगामात निदान आपल्या गावच्या संस्थेत हे सुरू करा, आणि काय आढळले ते आम्हाला लिहून कळवा.