आधी पाठीचा बाक, मग नाक-डोळे

हळद काढणीच्या दिवसांत हट्ट्याच्या शिवारात पोरगं वही घेऊन बांधावर बसलं, तर रागावू नका. सरकारी एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत स्मरणचित्र असतं; त्यात माणसं मनातून काढावी लागतात, आणि नीट पाहिलेलीच माणसं मनातून कागदावर उतरतात. त्याला एवढंच सांगा: नाक-डोळे नंतर. कुदळ मारणाऱ्याच्या मानेपासून टाचेपर्यंतचा बाक आधी एका रेघेत ओढ. माणूस हलला, की दुसरी रेघ. मग माप धर: उभा मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच. पहिली चित्रं वेडीवाकडी येतील. ती फाडू नका. तुमची वाकलेली पाठ ते पोर पहिल्यांदाच नीट पाहत असतं.