केटी लागली, आता विचारायचं कुणाला?

निकालाची लिंक रात्री अकराला ग्रुपवर येते. साइट आधी उघडतच नाही. मग उघडते आणि एका विषयासमोर नको तो शेरा दिसतो. तुम्ही काय करता? मी ग्रुपवर 'सुटले यार' असं टाकलं आणि फोन उलटा ठेवला. सेकंड इयरला रिसर्च मेथडॉलॉजीत केटी लागली होती. घरी सांगायला मला तीन आठवडे लागले, कॉलेजमध्ये कुणाला विचारायला त्याहून जास्त.

खरं तर एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स', पुढच्या वर्गात बसायची परवानगी. नियम म्हणतो, 'पुढे चल, राहिलेलं सोडवून घे.' आपण मात्र ती कपाळावरच्या शिक्क्यासारखी लपवतो.

मग मदत का मिळत नाही? कागदावर ती भरपूर आहे. 'नॅक'च्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हे विचारलं जातं. त्यामुळे मेंटॉर बहुतेक कॉलेजांत असतात. माझ्याही होत्या. वर्षातून एकदा फॉर्म यायचा. 'अडचणी' या रकान्यात आम्ही सगळे 'काही नाही' लिहायचो, मॅडम सही करायच्या, विषय संपला!

पण दोष एकट्या मॅडमना देऊन चालणार नाही. राज्यात कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. लेक्चरनंतर स्टाफरूममध्ये थांबून तुमची शंका सोडवली, तर तो वेळ कुठल्या बिलात बसवायचा? अनेकांना पुढचा तास दुसऱ्या कॉलेजला गाठायचा असतो. तरीही थांबणारे सर-मॅडम आहेत. पण मदत अशी एखाद्याच्या चांगुलपणावर सोडली, की ती सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

आणि प्रश्न फक्त मार्कांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. याच आकड्यांचा उल्लेख करत सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील, तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, हे त्यातलंच. तुमच्या कॉलेजमध्ये समुपदेशक कुठे बसतात, माहितीये? नसेल माहीत, तर ऑफिसमध्ये जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आता तुम्ही काय करू शकता?

आधी उत्तरपत्रिका बघा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केलाय. फोटोकॉपीसाठी निकालानंतर मोजकेच दिवस असतात, त्यामुळे रडून झालं की लगेच नोटीस बोर्ड गाठा.

दुसरं, 'सर, काहीच कळत नाही' असं म्हणू नका. त्यावर सर तरी काय सांगणार? मी शेवटी फोटोकॉपी घेऊन गेले. 'सॅम्पलिंगच्या या उत्तराला पंधरापैकी चार का?' एवढंच विचारलं. सरांनी पानावर बोट ठेवून सांगितलं, की मी व्याख्या पाठ लिहिली होती, पण दिलेलं उदाहरण सोडवलंच नव्हतं. दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं मी कित्येक महिने टाळत होते.

तिसरं, कॉलेज दादच देत नसेल, तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. समितीच्या निर्णयाने समाधान झालं नाही, तर पुढे लोकपालाकडे अपील करता येतं.

आणि पुस्तक उघडलं की छातीत धडधडत असेल, झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन. चोवीस तास, मोफत. मराठीतही बोलता येतं.

या वर्षीही मेंटॉरचा तो फॉर्म येईल. 'अडचणी' या रकान्यात यंदा खरं काय ते लिहा. वर्गातल्या दहा जणांनी लिहिलं, तरी सही करण्याआधी कुणाला तरी तो फॉर्म वाचावाच लागेल.