विद्यापीठांचे सर्व्हर कोणाच्या भरवशावर?

राज्यातील विद्यापीठांच्या अधिसभांमध्ये दरवर्षी मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पावर चर्चा होते. वसतिगृहे, क्रीडासंकुल, विद्यार्थी कल्याण, अध्यासने यांच्या तरतुदींवर सदस्य हिरीरीने बोलतात. संगणक केंद्राचे लेखाशीर्ष मात्र बहुधा चर्चेविनाच पुढे सरकते. नव्या प्रयोगशाळेची घोषणा झाली तर बाके वाजतात. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत, बॅकअपची जागा वाढवायची आहे, सर्व्हरच्या वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण करायचे आहे, असे सांगणाऱ्याच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. आणि वर्षाच्या मध्यावर उत्पन्नाचा अंदाज चुकला की पहिली कात्री नेमकी याच खर्चाला लागते, कारण ती लागल्याचे कोणाच्या चटकन लक्षात येत नाही.

लक्षात येते तेव्हा काय होते, हे मुंबईने २०१७ मध्ये अनुभवले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकाच हंगामात संगणकावर तपासण्याचा घाट मुंबई विद्यापीठाने घातला. तत्कालीन कुलपती सी. विद्यासागर राव यांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिका हाती नसलेले विद्यार्थी हवालदिल झाले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. हा गोंधळ पैशाच्या टंचाईपेक्षा घाई आणि अपुऱ्या तयारीमुळे झाला, हे मान्यच करायला हवे. पण त्याने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. संगणकव्यवस्था ही आता विद्यापीठाच्या कारभाराची मदतनीस राहिलेली नाही. ती थांबली की विद्यापीठच थांबते. प्रवेश, शुल्क, परीक्षा, निकाल, पदवी प्रमाणपत्र, सारे तिच्यावर उभे आहे. अर्थसंकल्पात मात्र तिची गणना अजूनही झेरॉक्स यंत्राच्या रांगेत होते.

विद्यापीठांच्या उत्पन्नाची स्थिती मुळात अनिश्चित आहे. मंजूर पदांचे वेतन शासन देते; उर्वरित गाडा परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क आणि ठेवींचे व्याज यांवर चालतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार जसजशी महाविद्यालये स्वायत्त होत आहेत, तसतसा परीक्षांचा मोठा भाग त्यांच्याकडे जातो आणि विद्यापीठाच्या हक्काच्या उत्पन्नाचा पाया आक्रसतो. महाविद्यालयांची अडचण वेगळी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना पूर्ण शुल्कमाफी देण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला. निर्णय स्वागतार्ह होता. पण प्रतिपूर्तीची रक्कम संस्थेच्या खात्यात येईपर्यंत इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनी थांबत नाही.

केंद्राच्या अनुदानाचीही तऱ्हा निराळी. २०१३ मध्ये सुरू झालेले ‘रूसा’ अभियान २०२३ मध्ये ‘पीएम-उषा’ या नावाने पुढे आले. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी १२,९२६ कोटी रुपयांची तरतूद झाली. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. अशा पैशातून इमारती आणि उपकरणे येतात. ती आल्यावर पाच वर्षे चालवायची कशी, हा प्रश्न योजनेच्या कक्षेबाहेर राहतो. त्यात हप्ता उशिरा आला तर मार्चअखेर खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र देण्याची धावपळ सुरू होते. मग निकड कशाची आहे यापेक्षा ३१ तारखेपूर्वी काय खरेदी करता येईल, यावर निविदा ठरतात.

याच काळात संगणकसेवेचे अर्थशास्त्र पार बदलले. पूर्वी सॉफ्टवेअर विकत घेतले की निदान काही वर्षे निश्चिंती असे. आता जवळपास सर्व काही भाड्याने मिळते. गुगलने शिक्षणसंस्थांना वर्षानुवर्षे विनामूल्य आणि अमर्याद साठवणक्षमता दिली, अनेक संस्थांनी आपली ईमेल व्यवस्था तिकडे हलवली आणि स्वतःचे मेल सर्व्हर मोडीत काढले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने धोरण बदलल्याचे जाहीर केले. जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट ही मर्यादा आली. २० हजार विद्यार्थ्यांच्या संस्थेत ही वाटणी माणशी पाच गिगाबाइट होते. मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारी ‘व्हीएमवेअर’ ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘ब्रॉडकॉम’ने ताब्यात घेतली आणि लगोलग कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले; उरली ती वर्गणी. ही बिले बहुधा डॉलरच्या हिशेबाने ठरतात. २०२१ मध्ये ७४ रुपयांच्या आसपास असलेल्या डॉलरने डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदी ओलांडली. वर १८ टक्के जीएसटी. पदवी शिक्षण करमुक्त असल्याने त्याची वजावटही मिळत नाही. रुपयात मंजूर झालेली तरतूद वर्ष संपण्यापूर्वीच तोकडी पडली, तर त्यात आश्चर्य ते काय!

ताजे उदाहरण विंडोज १० चे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा नियमित आधार संपवला. साधारण २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांत अशा संगणकांचाच भरणा असतो. शिक्षणसंस्थांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतवाढ अल्प दरात उपलब्ध आहे: पहिल्या वर्षी एका संगणकामागे एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. म्हणजे तीन वर्षांची उसंत. दरवर्षी एकतृतीयांश यंत्रे बदलण्याचे वेळापत्रक आजच आखले तर ही उसंत पुरेशी आहे. ते न आखल्यास २०२८ मध्ये सारा भार एकदम अंगावर येईल.

या सर्वांहून नाजूक बाब माणसांची. विद्यापीठांचा पदांचा आकृतिबंध लिपिक, सहायक, अधीक्षक अशा चौकटीत तयार झालेला आहे; माहितीसुरक्षा किंवा नेटवर्क सांभाळणाऱ्याला त्यात नीट जागा नाही. मग कंत्राटी तरुण नेमले जातात. दोन वर्षांत ते काम शिकतात आणि तिप्पट पगारावर हिंजवडीला किंवा ऐरोलीला निघून जातात. जाताना कोणत्या सर्व्हरवर काय चालते, हे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते. काटकसर म्हणून केलेली ही तजवीज प्रत्यक्षात सर्वांत महाग पडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि देशातील अग्रगण्य संस्थेचा कारभार कित्येक दिवस कागद-पेनावर आला. अशी घटना सहा तासांच्या आत कळवणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे, हे ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्येच बंधनकारक केले आहे. व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. लाखो विद्यार्थ्यांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेला हे कंत्राटी पोरांच्या भरवशावर सोडता येणार नाही.

उपाय नाहीत असे नव्हे. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेली ‘समर्थ’ प्रणाली केंद्राच्या योजनेतून विद्यापीठांना मिळते आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही ती स्वीकारली आहे. त्याआधी अनेक विद्यापीठांचा कारभार ‘एमकेसीएल’च्या प्रणालीवर चालत असे. परंतु जुन्या प्रणालीतील वर्षानुवर्षांचे गुण नव्या प्रणालीत बिनचूक आणण्याचे श्रम ‘विनामूल्य’ या शब्दात मोजलेले नसतात. मूडल, कोहा यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरबाबतही तेच. परवान्याचे पैसे वाचतात, पण ती चालवणारा जाणकार पदरी हवा. एकेका महाविद्यालयाला तो परवडत नसेल तर जिल्ह्यातील दहा-पंधरा महाविद्यालयांनी मिळून नेमायला काय हरकत आहे? ब्रिटनमधील विद्यापीठे ‘जिस्क’ या सामाईक संस्थेमार्फत ‘जॅनेट’ हे नेटवर्क चालवतात आणि परवान्यांचे सौदेही एकत्र करतात. आपल्याकडे शेजारशेजारची दोन महाविद्यालये एकाच कंपनीशी वेगवेगळ्या दराने करार करतात.

खरेदी करतानाच यंत्राच्या किमतीचा पाचवा हिस्सा दरवर्षी घसारा निधीत टाकण्याचा नियम व्यवस्थापन परिषद करू शकते. त्यासाठी मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. तसेच पैसा कमी पडला तर काय थांबवायचे, याचा क्रम आधीच ठरवून लेखी ठेवायला हवा. संकेतस्थळाची नवी सजावट, सभागृहातील पडदे, उपाहारगृहातील वाय-फाय हे थांबले तरी चालेल. परीक्षा आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी, मुख्य नेटवर्क आणि बॅकअप यांना हात लावायचा नाही. हा क्रम ऐन टंचाईत वित्त अधिकाऱ्याने एकट्याने ठरवण्यापेक्षा अधिसभेत चर्चा होऊन ठरावा. पुढच्या अर्थसंकल्पी बैठकीत एखाद्या सदस्याने एवढे जरी विचारले तरी सुरुवात होईल, की विद्यापीठाच्या गुणनोंदींचा बॅकअप प्रत्यक्ष उतरवून, सर्व नोंदी परत मिळतात की नाही याची शेवटची खातरजमा कोणत्या तारखेला झाली?