शाळेला सांगा, शाळेला विचारा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास धानाची रोवणी लागते. आई-बाप बांधीत असतात, शाळेत काय चालले आहे हे पाहायला सवड नसते. नेमका हा ओला पावसाळा आणि पुढची थंडी सिकलसेल असलेल्या मुलाला जड जाते. हातपाय, पाठ, पोट दुखते, अंग पिवळे पडते, मूल चार दिवस घरी राहते. शाळेच्या हजेरीत फक्त 'गैरहजर' लिहिले जाते आणि मूल आळशी ठरते.

तुमसर तालुक्यातल्या, मध्य प्रदेशच्या सीमेजवळच्या बपेऱ्यासारख्या गावात हा विषय परका नाही. सिकलसेल आदिवासींमध्ये आढळतो, तसा विदर्भातल्या आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. तरी घरोघरी तपासणीचे कार्ड पेटीत दडवले जाते. कारण एकच: पोरीचे लग्न कसे होईल? ही भीती खोटी नाही. पण तिची किंमत मूल वर्गात मोजते, म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की ही लपवाछपवी थांबली पाहिजे.

हा आजार कोणाच्या नजरेने होत नाही, करणीने होत नाही आणि स्पर्शानेही पसरत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक (एएस) असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण (एसएस) होण्याची शक्यता चारात एक असते. दोष एकट्या आईचा कधीच नसतो. हा जातीचा कलंकही नाही. वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून जिथे मलेरिया होता तिथे हा गुण टिकला. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही तो आहे. दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, हे तथागतांनी आपल्याला शिकवलेच आहे.

हीच माहिती आपल्या मुलांच्या दप्तरात आहे. महाराष्ट्र मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल शिकवला जातो. तो केवळ गुणांसाठी पाठ होऊ नये. रविवारी विहारात वंदना झाल्यावर नववीतल्या मुलीने तो धडा सर्वांना वाचून दाखवावा. लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडची रक्ततपासणी का करायची, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

शाळेकडे काय मागायचे? मुलाला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी आणि लघवीला लागेल तेव्हा जाऊ द्यावे. उन्हात फार वेळ उभे करू नये, दमेपर्यंत पळवू नये. थंडीत गणवेशावर स्वेटर चालावा. ताप आला किंवा दुखणे उठले तर घरी लगेच निरोप द्यावा, कारण अशा मुलाचा ताप अंगावर काढायचा नसतो. चुकलेला अभ्यास भरून द्यावा. मुलाचा आजार मात्र सगळ्या वर्गापुढे जाहीर करू नये. ही मेहरबानी नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला परीक्षेत जादा वेळेची सवलत मागता येते. ही सोय रुग्णासाठी आहे, केवळ वाहक असलेल्यासाठी नाही. दहावीचा अर्ज भरतानाच मुख्याध्यापकांना भेटा, परीक्षेच्या तोंडावर धावपळ नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा मुलांना तपासते. पथक कधी येणार हे आधी विचारा आणि पुढे पाठवल्याची चिठ्ठी दिली असेल तर ती जपून ठेवा. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, त्यात आजार आढळणाऱ्या भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे. आई-वडिलांनीही रांगेत उभे राहावे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या स्त्रियांना दिल्या आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान दिले. त्याच कायद्याने मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे यांवर बंदी आहे. मग समितीच्या बैठकीत आपल्या वस्तीची आई का नसावी? सहीपुरती नव्हे, बोलणारी. आजारी मुलांची सोय हा विषय तिने कामकाजात लेखी घ्यायला लावावा.

बाबासाहेबांनी आपल्याला शाळेच्या दारापर्यंत आणले. दुखऱ्या पायाचे आपले लेकरू त्या दारातून मागे फिरू नये, हे पाहणे आता आपले काम आहे. या आठवड्यात पेटीतले कार्ड काढा आणि वर्गशिक्षकांना जाऊन भेटा.