पाचशे चौरस फुटांचा हिशेब

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या वाट्याला पाचशे चौरस फुटांचे घर आले. या आनंदाला नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत ज्या स्त्रियांची हयात गेली, ज्या मुलांनी गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यास केला, नवविवाहित जोडप्याला एकांत मिळावा म्हणून ज्या घरांतील वडीलधारी माणसे रात्री व्हरांड्यात पथारी टाकीत, त्यांच्या दृष्टीने आतून कडी लावता येणारे न्हाणीघर ही लहान गोष्ट नव्हे. चाळीतल्या जीवनाचे गोडवे गाणारे लोक बहुधा चाळ सोडून गेलेलेच असतात.

तरीही समाजवादी कार्यकर्त्याने या आनंदाच्या दिवशीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. मुंबईसारख्या संपन्न नगरीत श्रमिकाला पाचशे फुटांचे घर मिळायला शंभर वर्षे का लागली, आणि ज्या हिशेबाने ते आज मिळत आहे, तो हिशेब उरलेल्या लाखो कुटुंबांना कोठे नेणार आहे?

घर लहान का होते, याचे उत्तर विटा-सिमेंटात सापडत नाही. जालन्यात तयार झालेली सळई जालन्यात वापरली काय किंवा दादरला वापरली काय, तिच्या किमतीत वाहतुकीपुरताच फरक पडतो. गवंड्याची मजुरी थोडी अधिक असेल, उंच इमारतीचा पाया अधिक खर्चाचा असेल. पण दोन ठिकाणच्या घरांच्या किमतींतील प्रचंड तफावत त्यातून निघत नाही. ती निघते जमिनीतून. धान्याचा भाव चढतो तो खंडामुळे नव्हे, तर भाव चढल्यामुळे खंड चढतो, असे रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. जमीन महाग म्हणून घर महाग, असे बिल्डर सांगतो. वस्तुतः घराला हवी ती किंमत देणारा धनिक उभा आहे म्हणून जमिनीला तो भाव येतो. आणि ही जमीन मौल्यवान केली कोणी? लोकल गाड्यांनी, तानसा-वैतरणेच्या पाण्याने, गिरण्या-गोद्यांतील श्रमाने. मूल्य निर्माण केले समाजाने आणि ते गोळा केले सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याने. श्रमिकाच्या खोलीतून कमी होणारा प्रत्येक चौरस फूट हा या अनर्जित उत्पन्नाला दिलेला खंडच होय.

याच्या उलट व्यवस्था शक्य आहे की काय, हे पाहण्यासाठी बी.डी.डी. चाळींच्या जन्मकाळाकडेच वळले पाहिजे. १९२० साली मुंबई सरकारने विकास खाते काढले. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सुटला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी, म्हणजे सुमारे सोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. त्याच दशकात व्हिएन्ना शहराची सत्ता समाजवाद्यांच्या हाती होती. तेथील कामगारांची दशा गिरणगावाहून निराळी नव्हती. तेथेही दुसऱ्याच्या घरात केवळ झोपण्यापुरती खाट भाड्याने घेणारे लोक होते. १९२३ मध्ये त्या महापालिकेने घरबांधणी कर बसवला. लहान घराला नाममात्र, आलिशान प्रासादाला जबर, असा तो चढता कर होता. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधली गेली.

ही घरेही लहानच होती. प्रारंभीची बहुतेक घरे ३८ किंवा ४८ चौरस मीटरची, म्हणजे चारशे ते पाचशे चौरस फुटांची. वरळीला २०२५ मध्ये जे मिळाले, ते तेथील कामगाराला शंभर वर्षांपूर्वी मिळाले. पण खरा फरक दाराबाहेर होता. १९३० साली पुऱ्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीत १,३८२ घरे होती आणि जमिनीचा पाचवा हिस्साही बांधकामाखाली नव्हता. उरलेल्या जागेत बागा आणि मोकळी अंगणे. इमारतीत धुलाईघर, बालवाडी, ग्रंथालय, दवाखाना. घर लहान, पण त्या घराची आवारे मोठी होती. शिवाय ही घरे विकली नाहीत. अल्प भाड्याने दिली. १९३४ मध्ये या वसाहतीवर तोफा डागल्या गेल्या आणि समाजवाद्यांची सत्ता गेली. घरे मात्र राहिली. आज त्या शहरातील सुमारे निम्मे लोक महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतात.

मुंबईने नेमका उलटा मार्ग धरला. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा सवलतींच्या पळवाटांतून पोखरला गेला आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो रद्दच केला. १९८२ चा संप मोडल्यानंतर गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न पुढे आला. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले होते : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये शब्दांची फिरवाफिरव झाली. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची होईल, असे ठरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य मानला. कामगाराची नोकरी आधीच गेली होती, आता घरही गेले आणि मैदानही.

१९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाची जी रीत रूढ झाली, तिचे सूत्र साधे आहे. बिल्डरने झोपडीवासीयाला मोफत घर द्यायचे आणि त्याबदल्यात अधिक बांधकाम करून ते बाजारभावाने विकायचे. सरकारच्या तिजोरीतून काही जात नाही, म्हणून या योजनेचे कौतुक होते. पण जाते ते जमिनीवरून आणि आकाशातून. मोफत घराचा खर्च विक्रीच्या घरातून निघायचा, म्हणजे विक्रीच्या घराचा भाव चढाच राहिला पाहिजे. भाव उतरले की योजना ठप्प होतात आणि संक्रमण शिबिरातील कुटुंब तेथेच कुजत पडते. तात्पर्य, गरिबाला घर मिळण्यासाठी घरे महाग असणे आवश्यक ठरते! भाववाढीला आळा घालणे ज्या शासनाचे कर्तव्य, तेच तिचे भागीदार बनते. बी.डी.डी. चाळींत खाजगी विकासकाऐवजी म्हाडा आहे, हे निश्चितच इष्ट. परंतु हिशेबाचे सूत्र तेथेही तेच आहे.

या सूत्राची शिक्षा लहान घराला दुहेरी होते. गोवंडी-मानखुर्द भागातील काही पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही आणि क्षयरोग ठाण मांडून बसतो, हे तेथील पाहणीत आढळून आले आहे. १८९६ च्या प्लेगनंतर जे शहर हवा-उजेडाचा धडा शिकले, त्यानेच तो नियम गरिबाच्या बाबतीत शिथिल केला. चाळीच्या खोलीला गॅलरी व अंगण तरी जोडलेले होते. आता खोली थोडी मोठी झाली आणि तिच्याभोवतीचे जग विकले गेले.

घरांची टंचाई आहे म्हणून हे अपरिहार्य, असे सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेने मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नोंदवले. त्याच जनगणनेनुसार शहरातील दर पाच कुटुंबांपैकी दोन झोपडपट्टीत राहत होती. ही टंचाई आहे की साठेबाजी? धान्याची साठेबाजी हा गुन्हा आणि निवाऱ्याची साठेबाजी ही गुंतवणूक, हा न्याय कोठला?

डाव्या चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. पात्रतेची तारीख १९९५ वरून २००० वर आणि मोफत घर २२५ फुटांवरून २६९ व पुढे ३०० फुटांवर नेण्यासाठी मोर्चे निघाले. ते आवश्यकच होते. पण जमीन कोणाची, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला. मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बाजूला पडू दिला नव्हता. कमाल धारणा कायद्याखालील जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून नागरी निवारा परिषदेने दीर्घ लढा दिला आणि गोरेगावात दिंडोशीला हजारो घरे उभी राहिली. जमिनीचा सट्टा वगळला की अल्प उत्पन्नाच्या माणसालाही घर परवडते, हे तेथे सिद्ध झाले.

म्हणून मागणी फुटांपुरती थांबता कामा नये. रेल्वे, बंदर, बंद गिरण्या आणि म्हाडा यांच्याकडील सार्वजनिक जमिनीचा एकही तुकडा यापुढे विकला जाऊ नये. तीवर भाड्याची व सहकारी घरे व्हावीत, ज्यांत राहण्याचा हक्क पक्का असेल पण सट्ट्याचा नसेल. रिकाम्या घरांवर चढता कर बसावा. दोन इमारतींतील अंतर, अभ्यासिका, पाळणाघर आणि मैदान यांना पुनर्वसन योजनेत कोणतीही सूट असू नये.

नायगावच्या, डिलाईल रोडच्या चाळींतील हजारो कुटुंबांचा नंबर अजून यायचा आहे. त्यांना किल्ली मिळेल त्या दिवशी कार्यकर्त्यांनी पेढे अवश्य वाटावेत. मात्र पेढे वाटताना शेजारच्या विक्रीच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून तो कोणाच्या जमिनीवर उभा आहे, हेही सांगण्यास विसरू नये.