कोझिकोडच्या पावसात दोन दिवस

शाळेला गणपतीची सुटी लागली आणि आम्ही कोझिकोडला निघालो, तेव्हा शेजारच्या खाला म्हणाल्या, “रत्नागिरीत पाऊस कमी पडतो म्हणून तिकडे भिजायला चाललात?” त्यांचं खोटं नव्हतं. दोन्ही गावं समुद्राकाठची, दोन्हीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पण ‘वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला’ हे वाक्य आम्ही गेली अठरा वर्षं फळ्यावर लिहीत आलो आणि ते कालिकत, म्हणजे आजचं कोझिकोड, कधी पाहिलं नव्हतं. कोकण रेल्वेने एका रात्रीचा तर प्रवास. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, म्हणून रात्र जरा लांबली एवढंच.

उतरलो तेव्हा आभाळ फाटलं होतं. गामा जिथे उतरला ते कप्पाड गावाबाहेर आहे. रिक्षावाल्याने आभाळाकडे बोट दाखवून मान हलवली. ठीक आहे म्हटलं, गामाला आपण पुष्कळ मान दिला.

छत्र्या सावरत ‘मिठाई तेरुवु’त शिरलो. तेरुवु म्हणजे रस्ता. दुकानादुकानात हलव्याच्या ठोकळ्यांची रास. लाल, हिरवा, काळा, पिवळा, खोबरेल तेलात शिजवलेला, सुरी लावली की थरथरणारा. एका दुकानदाराच्या डोक्यावर जाळीची टोपी, पांढरी दाढी. आम्ही सलाम केला आणि आपली अस्खलित उर्दू सुरू केली. कुठला हलवा जास्त टिकेल, भाव काय, पार्सल नीट बांधाल का. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “उर्दू इल्ला. मलयाळम.”

आमच्या तोंडून निघून गेलं, “मुसलमान असून उर्दू येत नाही?”

त्यांना ते कळलं नसावं. आमच्या दहावीतल्या लेकीला कळलं. रस्त्यावर येताच ती म्हणाली, “अम्मी, बँकेतल्या त्या बाईंनी तुला विचारलं होतं ना, ‘तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं बोलता?’ त्या दिवशी तू जेवली नव्हतीस.”

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर पावसाची उघडीप मिळाली. मिठाच्या पाण्यात मुरवलेले आवळे, कैऱ्या, अननसाच्या फोडी बरण्यांतून विकायला होत्या. मुलांनी तिखट लावून हाणले. लाटा मातकट, अगदी आपल्या मांडवीसारख्या. आम्हाला मात्र आवळा गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी कुट्टिचिरा. मोठं तळं आणि काठावर मिस्काल मशीद. चौदाव्या शतकात नाखुदा मिस्काल या जहाजमालक व्यापाऱ्याने बांधलेली. घुमट नाही, मिनार नाही. लाकडी मजल्यावर मजला आणि कौलांची उतरती छपरं. लांबून पाहिलं तर आपल्याकडचं जुनं देऊळ किंवा थोरला वाडा वाटावा. जिथे असा पाऊस पडतो तिथे छप्पर असंच लागतं, मग ते कोणाचंही असो. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी ती जाळली. १५७१ मध्ये इथल्या हिंदू राजाच्या, सामूतिरीच्या, सैन्याने चालियमचा पोर्तुगीज किल्ला पाडला आणि त्याचंच लाकूड मशिदीच्या दुरुस्तीला वापरलं, असं तिथे सांगतात.

मुलांचे अब्बा आणि धाकटा अस्रच्या नमाजला आत गेले. आम्ही मायलेकी तळ्याकाठी उभ्या, तोच सर आली. समोरच्या जुन्या घराच्या ओट्यावरून एका वृद्ध बाईंनी हाताने बोलावलं. त्यांची कॉलेजातली नात इंग्रजी बोलत होती. बिनदुधाचा, लिंबू पिळलेला सुलेमानी चहा आला, केळ्यात खोबरं भरून तळलेला उन्नक्काया आला. नमाज आटोपून पुरुष मंडळीही ओट्यावर आली. नात सांगत होती, इथल्या जुन्या घराण्यांत मुलगी लग्नानंतर घर सोडत नाही, नवराच बायकोच्या घरी येतो. घर चालतं आईकडून लेकीकडे. मुलांचे अब्बा एकदम चहाच्या पेल्यात निरखून पाहू लागले.

आम्ही उर्दू शिकवतो हे कळल्यावर आजींनी आतून एक जीर्ण पुस्तक आणलं. ‘मुहियुद्दीन माला’, कोझिकोडच्याच काझी मुहम्मद यांनी १६०७ साली रचलेलं काव्य. भाषा मलयाळम, लिपी अरबी. आम्ही अक्षरं जुळवत दोन ओळी मोठ्याने वाचल्या. एका शब्दाचा अर्थ कळला नाही. आजी मात्र डोळे मिटून पुढची ओळ म्हणू लागल्या, त्यांना पुस्तकाची गरजच नव्हती.

मग त्यांनी नातीकरवी विचारलं, “तुम्ही घरी काय बोलता?” “आमची कोकणी. मराठीच ती,” आम्ही म्हणालो. आजींनी मान डोलावली. त्यात त्यांना नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

निघताना त्या म्हणाल्या, “पोयि वरू.” नातीने अर्थ सांगितला, जाऊन या.

“येतो हं,” आम्ही म्हणालो आणि छत्री उघडली. गाडीला तासभर होता, आणि हलवा अजून घ्यायचाच होता, त्याच दुकानातून.